खापरभर इस्तू

खर्ड्याला मोटारीत बसताना आईने माझ्या हातात फुटक्या माठाचं खापर दिलं. "गोदे, नव्या घरी इस्तू आनायला लागंल." लढाईची वर्षं होती, ह्यांना पुण्यात नोकरी लागली होती, आणि मला त्या खापराची लाज वाटली. लुगड्यांच्या घडीत खुपसून टाकलं.

गावाकडच्यांनो, तुम्हाला सांगायला नको. आपल्या आळीत एका घरी चूल पेटली की बाकीच्या बाया तिथूनच निखारा न्यायच्या. काड्यांची पेटी महिनोन्‌महिने पुरायची. पुण्यात दारं तितक्या शेगड्या! चहा उकळून झाला तरी कोळसे तसेच धगधगत राख होतात. नळ सुरू करून बाया गप्पा मारतात. आणि मी शहाणी, रेशनच्या रांगेत तास तास उभं राहून आणलेलं रॉकेल कोळशांवर ओतायला शिकले. कुणाला नावं ठेवू?

वर्षभराने आई आली. सकाळी मी रॉकेलची बाटली उचलली तशी ती कडाडली, "समूरची शेगडी रिकामी जळतीय, आन तू र्‍हाकेल वततीस? लाज हाय का?" तिने फळीवरून खापर शोधून काढलं आणि समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाई, वाईच इस्तू द्या."

समोरच्या बाईंना इस्तू म्हणजे विस्तव हे कळलं नाही. विटकं लुगडं आणि पुढे केलेलं खापर तेवढं दिसलं. त्यांनी आत जाऊन दोन शिळ्या पोळ्या आणल्या आणि खापरात टाकल्या.

आई परत आली. "त्यास्नी वाटलं, मी भीक मागाया आले," एवढंच म्हणाली.

मी समोर जाऊन त्या बाईंना खडसवायला हवं होतं. ही माझी आई आहे, हे तरी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी आईवरच ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुला दारोदार फिरायला? अब्रू घालवलीस माझी!" आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला माझाच संताप येतो.

आईने पोळ्या खाल्ल्या. अन्न टाकायचं नसतं म्हणून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी निघताना खापर पिशवीत घातलं. "ह्येचं हितं काय काम न्हाई," म्हणाली. ती पुन्हा कधी पुण्याला आली नाही.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठलं असं विचारलं तर मीही आता पुणंच सांगते. पण शेगडी विझली की मी काडी ओढते. समोरच्या दारात रिकामे निखारे फुललेले दिसत असतात, बाईंचं नि माझं आता चांगलं जमतंही, पण "इस्तू द्या" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.