फटीतली हळद

व्हाइटफील्डच्या पलीकडे एका चाचणी केंद्रात सुचेता काम करते. दारावरच्या पाटीवर ती ‘मुख्य चाचणी अभियंता’ आहे, पण बेंगळुरूत नवनवी यंत्रं बनवणाऱ्या मंडळींमध्ये ती ओळखली जाते ‘फेल अक्का’ म्हणून. तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढी अक्कल त्यांना आहे. सुचेताला मात्र ते नाव ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते तिला लागतंही. माणसानं जन्मभर इमानेइतबारे काम करावं आणि लोकांनी त्याला असलं नाव द्यावं, याला काय म्हणायचं?

तिचं काम तसं सांगायला सोपं आहे. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू स्वतःच्या नकळत रेडिओ लहरी बाहेर सोडते आणि दुसऱ्याच्या लहरींनी गडबडून जाते. शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि शेजाऱ्याच्या गोंगाटानं आपलं काम बिघडू द्यायचं नाही, हे माणसांप्रमाणे यंत्रांनाही यावं लागतं. ते आलंय की नाही हे बाजारात जाण्याआधी पाहायचं, आणि नसेल आलं तर तसं स्पष्ट लिहायचं.

हे वेड तिला लागलं वडिलांमुळे. घराणं चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं; घरात मराठी, पण ती अशी की पुण्याहून आलेल्या माणसानं दोनदा विचारावं. वडील सूर्यकांत यांचं मल्लेश्वरममध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारी कॉफी दळून देणारा. त्याची चक्की सुरू झाली की दुकानातले सगळे रेडिओ एका सुरात खरखरायचे आणि वडील त्याला मनसोक्त शिव्या द्यायचे. दसऱ्यात यंत्रा-अवजारांची पूजा होते त्या आयुधपूजेच्या दिवशी मात्र त्याच्याच चक्कीला जाऊन नमस्कार करायचे. स्वतःच्या रेडिओंची पूजा करताना हळदकुंकू लाकडी पेटीलाच लावायचे. “धातूला लावू नको मगा,” ते लहान सुचेताला कानडी लाडानं सांगायचे, “त्याला श्वास घ्यायला स्वच्छ जागा लागते.” शास्त्र म्हणून ते वाक्य चुकीचंच होतं, पण सुचेता आजही केंद्रातल्या यंत्रांवर आधी कागदी टेप चिकटवते आणि मग त्या टेपवर कुंकू लावते.

यंदा दसरा झाला आणि केंद्रात सिद्धी आली. मूळची नागपूरची, बेळ्ळंदूरच्या एका छोट्या कंपनीत काम करणारी. येताना वाटभर तिनं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं, एवढ्या ट्रॅफिकमध्येसुद्धा. त्यात होतं नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र. वेळेआधी जन्मलेली बाळं झोपेत कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. बाळाच्या अंगाखाली एक पातळ गादी ठेवायची. श्वास थांबला की यंत्रानं ओरडायचं. सिद्धीच्या बहिणीचं बाळ असंच एका दुपारी निळं पडलं होतं. शेजारच्या काकू सहज डोकावल्या म्हणून वाचलं. कुणीतरी सहज डोकावेल या भरवशावर बाळ सोडायचं नाही, हे सिद्धीनं तेव्हाच ठरवलं होतं.

“प्रणीत सरांनी क्लिअर सांगितलंय, मॅडम,” ती म्हणाली. प्रणीत म्हणजे तिच्या कंपनीचा मालक. “या वेळी पास झालं नाही तर प्रोजेक्ट बंद. मग आम्ही सगळे मनगटी घड्याळं बनवणार.”

“सरी, बघू,” सुचेता म्हणाली. “गणपतीच्या आधी कच्च्या चाचणीत तर छान चाललं होतं तुझं.”

चाचणीची खोली म्हणजे एक भलीमोठी लोखंडी पेटीच. आत भिंतीभर निळे मऊ सुळके, बाहेरची एकही लहर आत येऊ न देणारं जाड दार, मधे लाकडी टेबल. टेबलावर यंत्र, त्याची गादी, आणि गादीवर हवेनं पोट हलवणारी एक रबरी बाहुली. दोघी बाहेर येऊन पडद्यासमोर बसल्या. सुचेतानं बाहुलीचा श्वास बंद केला आणि समोरच्या अँटेनातून यंत्रावर लहरी सोडायला सुरुवात केली, खालच्या पट्टीपासून चढत वरच्या पट्टीपर्यंत. अशाच लहरी दवाखान्यात मोबाइलच्या, वायरलेसच्या, सगळीकडून येतच असतात.

यंत्र ओरडत होतं. छान ओरडत होतं. आणि एका ठिकाणी ते एकदम गप्प झालं. हिरवा दिवा लागला. बाहुलीचा श्वास बंद होता आणि यंत्र सांगत होतं की बाळ मजेत आहे.

सिद्धीनं तोंडावर हात ठेवला. सुचेताला पुढचं सगळं पाठ होतं: आता ही रडेल, नाहीतर भांडेल, आणि जाताना मनातल्या मनात फेल अक्का म्हणेल. पण सिद्धीनं रिकामं खोकं ओढून पुन्हा मांडीवर घेतलं. सुचेताला ते जास्त जड गेलं.

“थांब स्वल्प,” ती उठली. “महिना-दीड महिन्यात यंत्र बावळट होत नाही. काहीतरी झालंय त्याला.”

आत जाऊन तिनं यंत्र सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग झाकण आणि पेटी जिथे मिळतात त्या फटीवरून सावकाश बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

“पूजा केलीस काय गं याची?”

“हो ना!” सिद्धीचा चेहरा क्षणभर उजळला. “आमच्याकडे नागपूरला दसऱ्याला घरच्या घरी थोडक्यात करतात. इथे ऑफिसमध्ये एवढी धमाल! हे आमचं पहिलं मशीन, म्हणून सगळ्यांनी एकेक करून लावलं. गंध, हळद, कुंकू, फुल ऑन.”

सगळ्यांनी एकेक करून, आणि तेही पाण्यात कालवलेलं. ओली हळद ओघळून फटीत उतरली आणि तिथेच वाळली. पेटी आणि झाकण दोन्ही धातूची. ती सगळीकडून एकमेकांना घट्ट टेकली तरच लहरी बाहेर राहतात. मधे वाळक्या हळदीचा पापुद्रा आला की धातू धातूला टेकत नाही, आणि तेवढी फट लहरींना पुरते; मग आत शिरलेल्या लहरीलाच यंत्र बाळाचा श्वास समजतं. सुचेतानं हे समजावून सांगितलं तेव्हा सिद्धीला हसावं की रडावं ते कळेना.

स्पिरिटनं फट पुसली. पुन्हा चाचणी लावली. यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत असं केकाटलं की विचारता सोय नाही. सिद्धीनं प्रणीतला फोन लावला आणि नाचत नाचत स्पीकरवर टाकला. “ग्रेट! रिपोर्ट घेऊनच ये,” प्रणीत म्हणाला.

सुचेतानं सहीसाठी पेन उचललं. नियमानं हे यंत्र पास होतं, त्यात तसूभरही खोट नव्हती. आज एक पोरगी इथून हसत जाणार होती आणि बेळ्ळंदूरमध्ये तरी कुणी या फेल अक्काला वेगळ्या नावानं ओळखणार होतं. सुचेताला ते हवं होतं. फार हवं होतं.

तेवढ्यात तिला वडिलांचा शेवटचा दसरा आठवला. ते दवाखान्यात होते. सकाळी नर्स थाळी घेऊन आली आणि पलंगाशेजारच्या मॉनिटरला, सलाइनच्या पंपाला, अगदी स्ट्रेचरच्या चाकालासुद्धा तिनं हळदकुंकू लावलं. वडील ऑक्सिजनच्या नळीतून हसले होते. म्हणाले होते, “हिला सांग, लाकडाला लाव म्हणावं.”

पेन खाली ठेवून सुचेता म्हणाली, “सिद्धी, दवाखान्यात आयुधपूजा करत नाहीत काय?”

सिद्धीचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिला प्रश्न बरोबर कळला होता, म्हणूनच राग आला. “हे रूलमध्ये आहे का, मॅडम?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. पास आहे. सही करते. तू सांग फक्त.”

फोनवर प्रणीत अजून होताच. “सिंपल आहे,” तो म्हणाला, “मॅन्युअलमध्ये लिहू. मशीनची पूजा करू नये.”

सुचेता मोठ्यानं हसली. “अय्यो, लिहा की! या गावात बसला हार, लिफ्टला हार, कंप्युटरला हार. तुमचं पुस्तक वाचून नर्स थाळी परत नेईल, होय ना?”

सिद्धी काचेपलीकडे बघत होती. बाहुली गादीवर पडली होती. वर्षातून एकदा कुणीतरी मायेनं यंत्राला हळद लावणार, आणि त्यानंतर एका दुपारी हिरवा दिवा लागलेला असणार, आणि यंत्र आहे म्हणून काकू डोकावायच्याही बंद होणार.

“सही करू नका, अक्का,” ती म्हणाली. मॅडमची अक्का कधी झाली हे तिला कळलंही नाही. “सर, मी मशीन परत आणतेय. झाकण बदलायचंय.”

प्रणीत बराच वेळ कुरकुरला. पण त्यालाही घरी लहान मूल होतं. शेवटी त्यानं दिवाळीपर्यंत वेळ दिला.

दिवाळीच्या तोंडावर सिद्धी पुन्हा आली. डोळ्यांखाली काळं, पण चेहऱ्यावर तोरा. या खेपेला झाकण घरातल्या डब्यासारखं होतं, पेटीच्या काठावरून खाली उतरलेलं. धातूला धातू टेकत होता तो वरच्या बाजूला, आत, ओघळ पोचणारच नाही अशा जागी. सुचेतानं यंत्र सगळ्या बाजूंनी पाहिलं, “नोडोण, बघू या” एवढंच म्हणाली, आणि कपाटातून पूजेची थाळी काढली.

“हे चाचणीत नाहीये ना, अक्का?”

“नाही. हे माझं.”

आणि तिनं हात आखडता न घेता ओली हळद लावली, कुंकू लावलं, वरून गंध ओतलं. कागदी टेप बाजूलाच राहिली. पंख्याखाली सगळं वाळू दिलं. मग जाड दार लोटून दोघी बाहेर येऊन बसल्या.

बाहुलीचा श्वास बंद झाला. यंत्र ओरडू लागलं. लहरी चढत गेल्या. मागच्या वेळी ते जिथे गप्प झालं होतं ती जागा आली. सिद्धीनं सुचेताचा हात घट्ट धरला. यंत्र ओरडतच राहिलं. ती जागा मागे पडली, आणखी पुढे गेलं, सगळं संपलं, तरी ते ओरडतच होतं. तो कर्कश आवाज बंद करायचं बटण सुचेताच्या हाताशी होतं, पण तिनं ते लगेच दाबलं नाही. तिला तो आवाज ऐकायचा होता.

“पास,” ती म्हणाली, आणि आता आपल्यालाच रडू येतंय हे लक्षात आल्यावर घाईघाईनं सही केली.

मग फडकं आणि स्पिरिटची बाटली घेऊन ती आत गेली. हळदीनं माखलेलं यंत्र असं कसं परत द्यायचं?

सिद्धीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “राहू द्या, अक्का,” ती म्हणाली. “असंच नेते.”