तिसरी हाक

वडिवळ्यात विहीर खोदताना दोन काळ्या कातळांमध्ये एका प्राचीन तळ्याच्या राखाडी गाळाचा वीतभर थर लागला. त्यात दगड झालेल्या गोगलगायी होत्या, भारत समुद्रातलं एकाकी बेट होता तेव्हाच्या. भूगर्भशास्त्र शिकवणारा मी, सुरुंग भरलेले असतानाही हट्टाने खाली उतरलो. सुरुंगवाल्या आबांची रीत ठरलेली होती: लांब व्हा म्हणून तीन हाका, मग वातीला काडी. दोन झाल्या तरी माझी गोगलगाय सुटेना.

"थांबा जरा," मी खेकसलो.

आबा काडेपेटी मुठीत धरून बघत राहिले. मी गोगलगाय घेऊन वर आलो, तिसरी हाक झाली आणि जमीन हादरली.

"ही कशानं मेली?" आबांनी विचारलं.

"तळ्यावर लाव्हा आला."

त्यांनी ती गोगलगाय तळहातावर घेतली. म्हणाले, "म्हंजी हिला कुनी हाक दिली न्हाई."