सुतकातला फेब्रुवारी

जर्मनीत आखनला काढलेल्या सगळ्या महिन्यांत माझा सर्वांत मजेत गेलेला महिना म्हणजे तिसऱ्या हिवाळ्यातला फेब्रुवारी. त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात साताऱ्याला माझे वडील वारले होते. ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मार्चमध्ये माझी डिप्लोमाची परीक्षा होती, आणि आपल्याकडे पोराची परीक्षा असली की मरणालासुद्धा दाराबाहेर थांबवतात. पेपर होईपर्यंत कळवायचं नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. थोरला मुलगा मी. पण अग्नी धाकट्यानं दिला, पाणी धाकट्यानं सोडलं. वडिलांसाठी चार दिवस जमिनीवर निजायचा आणि मनसोक्त रडायचा माझा हक्क माझ्याच भल्यासाठी काढून घेतला गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

वडिलांना मी दर महिनाअखेरीला एक पत्र धाडत असे. निघताना त्यांनी बजावलं होतं, "अभ्यासाचं लिहू नकोस, तो तू करशीलच. काय पाहिलंस, काय खेळलास, काय खाल्लंस, ते लिही." कचेरी आणि घर यापलीकडे त्यांनी स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. पत्त्यांचं मात्र वेड. त्यामुळे माझ्या पत्रात महिन्याभराचे सिनेमे, खेळ, घरमालकिणीच्या खोड्या आणि बटाट्यांचे नाना अवतार असत. महिना कोरडा गेला तर मी पदरचं घालून रंगवायचो. त्या फेब्रुवारीत मात्र पदरचं घालायची गरजच पडली नाही.

कारण दादा. हा पुण्याचा, आमच्याच विद्यापीठात डॉक्टरेट करणारा, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. आम्ही आठदहा मराठी पोरं त्याला दादाच म्हणायचो. वडिलांनी त्याच्या घरी जाऊन माझी जबाबदारी त्याच्यावर सोपवली होती, म्हणून तारही त्यालाच आली. एरवी हा माणूस प्रयोगशाळेतून डोकं वर काढायचा नाही. करमणूक म्हटली की कपाळाला आठ्या. त्या महिन्यात तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "तर मग, चल सिनेमाला. नुसतं पुस्तकात तोंड खुपसून कुणी पास होत नाही." मी खिडकीबाहेर बघितलं. सूर्य पश्चिमेला तर उगवला नाही ना, म्हणून.

सिनेमा साधाच होता. एक लठ्ठ पोलीस सारखा कालव्यात पडायचा. मी पोट धरून हसलो. दादाही हसला. पुढच्या आठवड्यात त्यानं मला विद्यार्थ्यांच्या खानावळीत टेबलावरच्या फुटबॉलला उभं केलं. दांड्यांना अडकवलेले लाकडी गडी गरागरा फिरवायचे, बस. मी जिंकत गेलो. दादाला खेळता येत नव्हतं असं मी तेव्हा समजलो.

शनिवारी संध्याकाळी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात स्काट चाले. हा जर्मन पत्त्यांचा खेळ. एक जण एकीकडे, दोघं त्याच्याविरुद्ध. मी लहानपणापासून पाच-तीन-दोन खेळलेला, त्यामुळे तीन माणसांचा डाव अंगवळणी पडलेला. आमची मालकीण विधवा असावी असं आम्ही धरून चाललो होतो. नवरा रशियात लढायला गेला होता, एवढंच ती सांगे. बाई कडक. दिवा विसरला तर दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी. पण त्या महिन्यात तिनं दोनदा केक केला आणि माझ्या ताटलीत मोठा तुकडा वाढला. मला वाटलं, आपल्या पत्त्यांवर खूश आहे. त्या महिन्यात तिसरा गडी म्हणून बसणाऱ्या दादाला ती एकदा डावाच्या मध्येच म्हणाली, "हे बरोबर नाही." दादा म्हणाला, "परीक्षेनंतर." मला वाटलं, भाड्याबद्दल काही असेल. मी हुकमाचं पान टाकलं आणि डाव उचलला.

आणि मग कार्निव्हल. त्या सोमवारी आखन म्हणजे शहाण्यांनी सुट्टी घेतलेलं गाव. सजवलेल्या गाड्यांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात, आणि लोक छत्र्या उलट्या धरून ती झेलतात. दादानं माझ्या नाकाला लाल रंग फासला. एका अनोळखी आजीबाईंनी माझा हात धरून मला भर रस्त्यात नाचवलं. आम्ही जॅम भरलेले तळलेले गोळे खाल्ले, गरम गरम, बोटांना साखर लागेपर्यंत. सुतकात घरात तळण नसतं, गोड नसतं. साताऱ्याला माझी आई तेव्हा कोपऱ्यात बसलेली होती. आणि मी लाल नाक लावून तिसरा गोळा मागत होतो. दादानं तो आणून दिला.

मधल्या काळात धाकट्याची चार ओळींची खुशाली आली. "वडिलांचा हात दुखतोय, म्हणून मी लिहितो," असं त्यात होतं. मी विश्वास ठेवला. महिनाअखेरीला मी वडिलांना आजवरचं सर्वांत मोठं पत्र लिहिलं. कालव्यातला पोलीस, लाकडी गडी, उलट्या छत्र्या, आजीबाई. "तुम्ही इथं असता तर स्काटमध्ये या बाईला लोळवलं असतंत," असंही लिहिलं.

शेवटची तोंडी परीक्षा झाली. दादा दारातच उभा होता. "कसं झालं?" म्हणाला. "चांगलं झालं," म्हटलं. त्यानं मला पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटल्यावर तो मला गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्याशी घेऊन गेला. तिथं गंधकाचा वास मारतो, नासक्या अंड्यांसारखा. त्या वासात त्यानं मला सांगितलं.

मी विचारलं, "केव्हा?"

त्यानं सांगितलं.

"म्हणजे सिनेमाच्या आधी?"

"हो."

"मी हसत होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात?"

"तुझ्या काकांनीच तसं कळवलं होतं रे," तो म्हणाला. "मी तरी काय करणार? तुझं वर्ष वाया गेलं असतं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. महिनाभर हा माणूस माझ्यासाठी विदूषक झाला होता, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी त्याचे डोळे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वडिलांसाठी रडायलासुद्धा हा माझ्याआधी पोचला होता.

बातमी कळली की आंघोळ करायची, एवढं मला ठाऊक होतं. आमच्याकडे न्हाणीघर तळघरात, आणि बंब फक्त शनिवारी पेटायचा. मी मालकिणीकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आतच तिनं किल्ली घेतली आणि मधल्याच वारी बंब पेटवला. जिन्यात थांबून म्हणाली, "मी त्याला म्हणत होते, सांग. माझ्या नवऱ्याचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सैन्याकडून नुसतं 'बेपत्ता' आलं. वाट बघायला लावू नये माणसाला." मी वाटही बघत नव्हतो, हे तिला कसं सांगणार? आंघोळ केली. रडू आलं नाही. कोरडाच वर आलो, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेचा निकाल पाहायला गेलो. उत्तम गुण मिळाले होते. सगळ्यांचं बरोबरच ठरलं म्हणायचं.

लगेच नोकरी लागली आणि घरी जाणं लांबत गेलं. गेलो तो तीन वर्षांनी. घराला नवा रंग होता. वडिलांच्या खुंटीवर धाकट्याचा कोट होता. आईनं जेवायला वाढलं आणि मायेनं म्हणाली, "तुझं ते जत्रेचं पत्र आलं ना, ते धाकट्यानं मोठ्यानं वाचलं. त्या आजीबाई आणि तुझं लाल नाक! किती दिवसांनी या घरात हसलो रे आम्ही सगळे."

माझा घास तोंडातच राहिला. मग जे सुरू झालं ते मला थांबवता येईना. भरल्या ताटावर, लहान पोरासारखा, हुंदके देऊन मी रडत होतो. धाकट्याची बायको दारात येऊन थबकली. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. खरंच नवल वाटून तिनं विचारलं, "अरे, आता काय रडतोस? तीन वर्षं झाली."