कुबान्दिक बाइकेचा मान

आमच्या नारीनच्या डोंगरात बोकडाचं सोंग घेऊन पोट भरणारा माणूस एकच, कुबान्दिक बाइके, म्हणजे कुबान्दिकदादा. पन्नाशी उलटलेली, पोट असं की घोड्यावर आधी ते चढणार आणि मग मालक. आवाज एका खिंडीत लावला की पलीकडच्या खिंडीतली कुत्री उत्तर द्यायची. पूर्वी तो शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. मग बिश्केकच्या एका संस्थेने त्याला धरलं आणि सांगितलं, गावोगाव जा, लोकांना रानटी पहाडी बोकडांवर प्रेम करायला शिकव. सोबत एक जुनी जीप दिली. जीप हाकायला मी. खेळात हिमबिबट्या व्हायलाही मीच, कारण ठिपक्यांची गोधडी माझ्या बायकोने शिवली होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू द्यायची नाही.

खेळ बघण्यासारखा असायचा. कुबान्दिक डोक्यावर कागदाच्या लगद्याची वाकडी शिंगं बांधून शाळेच्या अंगणात उड्या मारायचा. उडी म्हणजे काय, एक पाय उचलायचा आणि दुसऱ्याला विचार करायला वेळ द्यायचा. मी बिबट्या होऊन त्याच्या मागे धावायचो आणि त्याला पकडू नये म्हणून मला फार सावकाश धावावं लागायचं. शेवटी प्रेक्षकांतलाच एखादा काठीची बंदूक करून शहरातून आलेला शिकारी व्हायचा. ठो! की कुबान्दिक पडायचा. पण मरायचा मात्र नाही. लोळायचा, उठायचा, पोरांचे हात हातात घ्यायचा, गाणं म्हणायचा. मी गोधडीतून कुजबुजायचो, "बाइके, मरा आता, चहा निवतोय."

"प्रेक्षक रडले नाहीत अजून," तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा.

मग रडायचे. पोरं तर रडायचीच, म्हाताऱ्यासुद्धा डोळ्याला रुमालाचं टोक लावायच्या. आणि मेलेला बोकड उठून भाषण करायचा: "मेंढ्या कुणाकडे नाहीत? घोडे कुणाकडे नाहीत? पण हा बोकड! ही तुमच्या गावाची सगळ्यात मोठी दौलत. बाहेरच्याने येऊन न्यावी अशी नाही. ही तुमची आहे!"

त्याची बायको नुरझमाल म्हणायची, "बोकडाबद्दल इतकं गोड बोलतो. माझ्याबद्दल कधी बोलला असता, तर मीही डोंगरावर राहायला गेले असते."

हसण्यावारी नेलं तरी माणूस कामाचा होता. सारी-कुंगोय नावाच्या गावावर त्याचा सगळा जीव. गावाच्या वर तोर-सूचं खोरं, आणि त्या खोऱ्यात आमच्या भागातला शेवटचा धड म्हणावा असा कळप. कळपाचा म्हातारा नर एका शिंगाने तुटका होता. कुबान्दिकने शाळेतल्या पोरांना दुर्बिणी लावून तो दाखवला, तेव्हा बेगायिम नावाच्या मुलीने त्याचं नाव ठेवलं चोलोक, म्हणजे थोटा. तेव्हापासून पोरं रोज सकाळी शाळेत यायच्या आधी चोलोक कुठल्या कड्यावर आहे ते बघून यायची. बेगायिम तर त्याला हाका मारायची आणि तो वळून बघतो असं शपथेवर सांगायची.

खोऱ्यात बंदूक न्यायची नाही, असं गावाने एकमताने ठरवावं, एवढंच कुबान्दिकला हवं होतं. बिश्केकहून निरोप आला होता: या शरदात एका तरी गावाने ठरवलं पाहिजे, नाहीतर काम बंद. काम बंद म्हणजे तोर-सू मोकळं, आणि पुढच्या हिवाळ्यात कळप संपला.

गाव चालायचं मामबेताली आकेच्या शब्दावर; आके ही वडीलधाऱ्याला मानाने मारायची हाक. हा बेगायिमचा आजोबा. तरुणपणी डोंगरातला सगळ्यात मोठा शिकारी. प्रत्येक खेळाला मागच्या बाकावर बसायचा आणि संपल्यावर एकच बोलायचा:

"मास्तर, बोकड असा ओरडत नाही."

"कसा ओरडतो, आके? शिकवा की."

"ओरडतच नाही. गोळी लागली की गप पडतो."

असं वर्षानुवर्षं. आणि मग त्या शरदात म्हाताऱ्याचाच निरोप आला: या. गाव हात वर करणार आहे. आधी माझ्या घरी जेवण.

कुबान्दिक जीपमध्ये सगळ्या वाटेत गात होता. मी सांगितलं, "बाइके, काच फुटेल." तो म्हणाला, "फुटू दे! आज काच काय चीज आहे!"

मामबेतालीच्या घरात सगळी वडीलधारी मंडळी ओळीने बसलेली. दारात पोरांची गर्दी. कुबान्दिकला सगळ्यात वरच्या जागेवर, दाराच्या समोर बसवलं. हात धुऊन झाले. आणि परातीत डोकं आलं. आमच्याकडे मानाच्या पाहुण्यापुढे डोकं ठेवतात, ते त्याने कापून वाटायचं असतं. भाजून काळं केलेलं, उकडलेलं, शिंगं काढलेली. मला वाटलं मेंढीचं. पण मेंढीला एवढा लांब जबडा नसतो.

मामबेताली उठला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं.

"मास्तर, मेंढी तर मी जावयालाही कापतो. कर गोळा करायला येतो त्यालाही कापतो. तुम्ही आम्हाला डोळे दिले. आमच्याकडे काय आहे ते आम्हाला तुम्ही सांगितलंत. मग मी विचार केला, अशा माणसाला काय द्यावं? आणि तुम्हीच सांगून ठेवलेलं होतं. आमची सगळ्यात मोठी दौलत."

त्याने मागून शिंगं उचलून कुबान्दिकच्या मांडीवर ठेवली. एक लांब, एक तुटकं.

"ही पण घ्या. ती कागदाची बघून आम्हाला लाज वाटायची. एका गोळीत पडला, त्याला काही कळलं नाही. माझा हात अजून शाबूत आहे."

ओळीतली सगळी म्हातारी मंडळी माना डोलावत होती. कुणाच्या चेहऱ्यावर चेष्टा नाही, कपट नाही. नुसता आनंद. कुबान्दिक शिंगांकडे बघत बसला. डोकं नाकारणं म्हणजे घराच्या तोंडावर थुंकणं. थुंकलेल्या घरातून कुणी हात वर करायला उठत नाही.

"खा," मी हळूच म्हटलं. "बाइके, खाल्लं तरच उरलेला कळप वाचेल."

त्याने सुरी घेतली. डावा कान कापला आणि दारातल्या पोरांकडे बघितलं. कान मुलांना देतात, ऐकणारी व्हावीत म्हणून. मामबेतालीने नातीला पुढे ढकललं. "जा गं, तुझाच मान आहे, नाव तू ठेवलंस."

बेगायिमने कान हातात घेतला. आजोबाकडे बघितलं, कुबान्दिककडे बघितलं. दोघंही तिच्याकडे बघून हसत होते, एक खरं आणि एक जमेल तसं. ती आधीपासूनच ऐकणारी मुलगी होती. तिने खाल्ला.

कुबान्दिकनेही खाल्लं. गालाचं, जिभेचं. म्हाताऱ्याने विचारलं, "कसं आहे?" तो म्हणाला, "उत्तम." आणि जेवणानंतर शाळेच्या अंगणात अख्ख्या गावाने हात वर केले. तोर-सूच्या खोऱ्यात बंदूक बंद. मामबेतालीने स्वतः घोषणा केली, "उद्यापासून कुणीही नाही! पाहुण्याची गोष्ट वेगळी."

परतताना कुबान्दिकने मला दोन वेळा जीप थांबवायला लावली आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला बसून ओकला.

बिश्केकमध्ये त्याचं कोण कौतुक झालं! वर केलेल्या हातांचे फोटो भिंतीवर लागले. आणि बातमी डोंगरातही फिरली, पण डोंगरात तिला वेगळीच चव होती. बेश-तेरेक गावच्या लोकांनी हात वर करायचं ठरवलं, तेव्हा कुबान्दिकने आधीच निरोप धाडला की मला मेंढीच चालते, मेंढीच आवडते. त्यांचा म्हातारा घोड्यावर बसून भांडायलाच आला.

"का हो मास्तर? सारी-कुंगोयवाले माणसं, आणि आम्ही कोण? त्यांच्याकडे खाल्लंत ना बोटं चाटून? आमच्या घरात मेंढी खाऊन जाणार, आणि लोक म्हणणार आम्ही कंजूष!"

तिथेही खाल्लं. तिसऱ्या गावाच्या वेळी मी जीपची किल्ली खिशात टाकली आणि म्हटलं, "सोडा हे काम, बाइके. नुरझमालला मेंढ्या राखायला माणूस हवाय."

"सोडलं तर गावं हात वर करणार नाहीत, आणि बंदूकवाले बारा महिने वर जातील," तो म्हणाला. "मी गेलो तर गावामागे एक जातो. फक्त एक. तूच सांग, कुठला हिशेब बरा?"

मी किल्ली काढली आणि जीप चालू केली.

वाटेत त्याने गाणं म्हटलं नाही. गावाच्या वेशीवर पोरं हातात बोकडांची चित्रं धरून उभी होती, सुरेख काढलेली. घरातून धुराचा आणि केस जळल्याचा वास येत होता. त्या गावचा वडीलधारा, बर्फाने गाल फाटलेला, हात पसरून बाहेर आला आणि कुबान्दिकला छातीशी घट्ट धरलं.

"वाट बघत होतो, मास्तर. लाज राखली देवाने. पोरं किती दिवस वर हिंडली, एकाची बोटं गेली थंडीने. पूर्वी दार उघडलं की दिसायचे. तुम्ही सांगता ते अगदी खरं आहे, फारच थोडे उरलेत." त्याने कुबान्दिकला आत नेलं, वरच्या जागेवर बसवलं, आणि सुरी मुठीकडून त्याच्यापुढे धरली.