मागे घेतलेलं गाऱ्हाणं

काळजी करण्यात माझ्या मामाचा हात धरील असा माणूस देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत सापडायचा नाही. समुद्र शांत असला तरी "इतको गप कित्याक?" म्हणून हा घाबरणार. मला ल्युपस झाला, तो मूत्रपिंडांपर्यंत पोचला, आणि मामाला जन्माचं काम मिळालं. रोज सकाळी येऊन माझ्या घोट्यावर अंगठा दाबायचा; खड्डा पडला म्हणजे सूज आहे. लघवीला फेस म्हणजे प्रथिनं गळतायत, हे कळल्यापासून तर तो कुंपणापलीकडूनच ओरडतो, "चेडवा, आज फेस आसा काय गो?" एकदा मासळीवाली टोपली उतरवायचीच विसरली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

याच मामाने मी आजारी पडल्याबरोबर ग्रामदेवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, की चेडवाच्या, म्हणजे या पोरीच्या, अंगातली रोगाशी झुंजायची ताकद दहापट कर. वर गुळवेलीचा काढा होताच. मग ओरोसच्या डॉक्टरांनी समजावलं. अँटिबॉडी म्हणजे शरीराचे राखणदार. हिचे राखणदार हिच्याच पेशींना परकं समजून चिकटतात, ते गठ्ठे मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि गाळणी सुजते. "ताकद वाढवायची नाही, आवरायची आहे. काढा आजपासून बंद." त्या अँटिबॉडी तर आधीपेक्षा वाढल्या होत्या. मामा पांढराफटक. "मियाच मागलंय गो," एवढंच एसटीत पुटपुटत राहिला.

गुरव म्हणाला, घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायची रीत नाही. तेव्हा मामाने स्वतःच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, चूकभूल पदरात घे. चेडवाच्या राखणदारांका आपलो कोण, परको कोण, ता वळखूची बुद्धी दी रे म्हाराजा!" गुरवाने आणि मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मूत्रपिंडं गेली तर, हा एकच विचार डोक्यात.

परवा रिपोर्ट आला. प्रथिनं गळणं कमी झालंय; अँटिबॉडी अजून पुरत्या निवळल्या नाहीत. गोळ्या चालूच. मामाचा कागदावर कसला विश्वास! त्याने अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. तरी अंगठा काढेना.

"मामा, देवाकडे सोतासाठी काय मागलंस?"

"माझी काळजी तेवढी कमी करू नको म्हणान सांगलंय. ती गेली तर तुझ्या पायाक अंगठो कोण लावतलो?"

आज ऊन वर आलं तरी त्याची हाक नाही. मी कधीची कुंपणाशी उभी आहे, जीव थाऱ्यावर नाही.