सड्यावरचे ढग

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. पावसाळा संपला आणि आमच्या सिग्नल तुकडीला एका एक्सरसाइजसाठी मालवण किनाऱ्यावर जायचा हुकूम आला. तोंडवलीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रेडिओ पोस्ट लावायचा आणि खालच्या पायदळ कंपनीशी संपर्क ठेवायचा, एवढंच काम. मी हवालदार होतो आणि त्याच तालुक्यातला. नकाशावर गावाचं नाव वाचून मला हसू आवरेना. फौजेत माणसाला घराच्या इतकं जवळ सहसा कोणी पाठवत नाही.

माझ्याबरोबर ऑपरेटर होता लान्स नायक भंवर सिंह. बाडमेरकडचा, वाळवंटातला. त्याच्या गावाला वर्षातून चार ढग दिसले तरी लोक बाहेर येऊन बघत. इथे त्याला रोज आभाळभर ढग मिळाले. पहिल्याच दिवशी एरियलचा मास्ट उभा करून झाल्यावर तो कातळावर उताणा पडला आणि म्हणाला, “हवालदारजी, इतना माल एक साथ!”

त्याच्याकडे एक साधा बॉक्स कॅमेरा होता. ड्यूटी संपली की आम्ही दोघं आळीपाळीने ढगांचे फोटो काढायचो. पहिला रोल मालवणला धुवायला दिला, तर सगळे फोटो पांढरे फटक आले. आभाळही पांढरं, ढगही पांढरे. स्टुडिओवाल्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारलं, “ह्यात माणूस खंय आसा?”

“माणूस नाय. ढग आसत.”

“मगे माका कशाक दाखवतास? भायर बघा, फुकट आसत.”

खालच्या पायदळ कंपनीच्या कमांडर साहेबांना हे कळलं. ते कॅप्टन, मूळचे पुण्याचे, आणि त्यांनाही फोटोग्राफीची हौस होती. त्यांनी सांगितलं, लेन्सपुढे पिवळा कागद धरा, निळं आभाळ गडद येतं. भंवरने मिठाईच्या पुड्यावरचा पिवळा जिलेटीन कागद कापून लेन्सवर चिकटवला. पुढच्या रोलमध्ये ढग असे उठून आले की आम्ही दोघं स्टुडिओच्या दारातच ओरडलो.

कुकहाउसला मासे घेऊन येणारी सुंदरकाकी आमच्या नात्यातली. पाटी खाली ठेवून तीही मान वर करायची. एकदा भंवरने एक लांबट ढग दाखवून तो उंट आहे असं सांगितलं. मी तिला ते मालवणीत सांगितलं.

“खंयचो उंट? ती सुरमय आसा. शेपटी बघ.”

“काकी, ऊंट है,” भंवर म्हणाला.

“तुका उंट दिसता, माका नाय दिसणा. दर्यार उंट कसो येतलो रे?”

दोघांपैकी कोणीही हटलं नाही. ढगाचे तुकडे होऊन गेले तरी वाद चालू होता. एकमेकांची भाषा न समजता इतकं भांडणारी माणसं मी त्यानंतर पाहिली नाहीत.

एक्सरसाइजचा शेवटचा टप्पा म्हणजे बोटींतून कालावलची खाडी ओलांडणं. दुपारची वेळ होती. ऊन कडक, वारा पडलेला, खाडीचं पाणी तेलासारखं. वरून आम्हाला सगळं दिसत होतं. पाठीवर सामान बांधलेले जवान बोटी पाण्यात ढकलत होते. मी सेटवर होतो, भंवर पूर्वेकडे कॅमेरा लावून बसला होता.

“हवालदारजी, ये देखो.”

सह्याद्रीच्या बाजूला एक ढग चढत होता. सकाळी तो फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा होता. आता त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट होऊन आमच्याकडे झुकला होता आणि खालची बाजू शाईसारखी काळी झाली होती. हा ढग मी लहानपणापासून ओळखत होतो. परतीच्या पावसाच्या दिवसांत तो घाटावरून उतरतो. आधी वारा येतो, आणि तो वारा होडीला विचारत नाही.

भंवरने बटण दाबलं. मी हँडसेट उचलला. खालच्या कंपनीचं सांकेतिक नाव टायगर, आमचं हॉक.

“टायगर, धिस इज हॉक. अर्जंट. ओव्हर.”

“हॉक, टायगर. सेंड. ओव्हर.”

“पूर्वेकडून वादळी ढग येतोय. खाडीवर जोराचा वारा येणार. बोटी थांबवा. ओव्हर.”

थोड्या वेळाने साहेब स्वतः सेटवर आले. “हवामानाचा मेट रिपोर्ट स्वच्छ आहे. तू कशावरून सांगतोस?”

“डोळ्यांनी दिसतंय, सर.”

“किती वेळ आहे?”

“फार नाही, सर.”

“वेट. आउट.”

सेट गप्प झाला. तेवढ्यात मागच्या डोंगरावर वीज चमकली. विजा सुरू झाल्या की सेट बंद करून मास्ट उतरवायचा, हा कायमचा हुकूम. मी भंवरकडे पाहिलं. त्याने मास्टचे दोर मोकळे करून हातात धरले आणि मान हलवली. रॉजर, म्हणजे निरोपाची पोच, मिळेपर्यंत थांबायचं, हे आम्ही बोलून ठरवलं नाही.

खाली पहिली बोट काठापासून बरीच आत गेली होती. पुन्हा वीज पडली, या वेळी जवळ. हँडसेटमध्ये खरखर वाढली आणि तिच्यातून साहेबांचा आवाज आला.

“हॉक, टायगर. ऑल बोट्स बॅक. रॉजर. तुम्ही दोघं खाली उतरा. आउट.”

आम्ही केबल काढली आणि मास्ट आडवा केला. खाली पहिली बोट वळताना दिसली. जवानांनी ती काठाला लावली, उड्या मारून बाहेर आले, आणि मग वारा आला. ओढून ठेवलेली एक रिकामी बोट त्याने उचलली आणि पत्र्याच्या डब्यासारखी माडांत फेकली. खाडी पांढरी झाली. त्यानंतरच्या पावसात आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. भंवरने शर्ट काढून कॅमेरा गुंडाळला होता आणि तो उघड्या अंगाने हसत होता.

संध्याकाळी रोलकॉलला सगळे हजर होते. साहेब चिंब भिजलेले आमच्यासमोर उभे राहिले.

“भंवर सिंह, फोटो काढलास?”

“जी, साब.”

“मला मोठा करून हवा.”

कुकहाउसमध्ये त्या दिवशी रव्याचा गोड हलवा होता. पहिल्या बोटीतल्या जवानांनी भंवरला उचलून वाळूत नेलं आणि पुन्हा पुन्हा वर उडवलं. सुंदरकाकी पदराने डोकं पुसत बघत होती. “पडात रे तो,” एवढंच ती म्हणत राहिली, आणि हसत राहिली.

काही वर्षांनी भंवरची बदली उत्तरेला झाली, बर्फातल्या एका पोस्टवर. मी तेव्हा दुसऱ्या युनिटमध्ये होतो. टेलिफोनची लाइन दुरुस्त करायला गेलेल्या पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. पार्टी कमांडर नायक भंवर सिंह होता. त्याच्याबरोबर शिपाई गुरमीत आणि शिपाई थापा. तिघंही परतले नाहीत.

रजा मिळाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. त्याची आई अंगणात बसली होती. मी पाया पडलो, नाव सांगितलं, मी आणि भंवर समुद्राकाठी एकत्र होतो म्हणालो. तो कसा गेला, हे तिने विचारलं नाही.

“वहाँ हँसता था?” तिने विचारलं.

“रोज, माँजी,” मी म्हणालो. मग तिने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.