टपावरचं भोक

काडीकाकांना कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते आधी मागे वळून बघायचे, की आणखी कोण आलंय. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करण्यात गेली, पण जीव सगळा हौशी रेडिओत. परवाना काढायचा, एक संच घरी आणि एक गाडीत बसवायचा, आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाला गाठून 'तुमचा आवाज कसा येतोय' एवढंच सांगून खूश व्हायचं, अशी ही हौस. शहरातल्या ज्या कुणाला गाडीवर अँटेनाची काडी बसवून हवी असे, तो काकांच्या गॅरेजचा रस्ता धरायचा. काड्या लावणारे पुष्कळ बघितले, काडी बसवणारे हे एकटेच, असं त्यांची बायकोच म्हणायची.

आलेल्याला काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "गाडी विकायची आहे, की शेवटपर्यंत ठेवायची?" विकायची असेल तर चुंबकाची बैठक, टपावर ठेवली की चिकटते, नको तेव्हा उचलून घ्यायची. फारच जीव असेल गाडीवर, तर डिकीच्या कडेला शिकंजा कसायचा, पत्र्याला ओरखडा नाही. पण शेवटपर्यंत ठेवायची असेल, तर टपाच्या बरोबर मधोमध भोक. भोक म्हटल्यावर माणसाचा चेहरा पडायचा, आणि मग काकांचं व्याख्यान सुरू व्हायचं. डोळ्यांना दिसते ती काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. मधोमध काडी असली की चारी बाजूंना सारखा पत्रा, चारी दिशांना सारखा आवाज. कोपऱ्यात बसवलीत, की ज्या बाजूला पत्रा जास्त तिकडे आवाज दमदार, आणि उलट्या बाजूला मार खातो. एवढं सांगून झाल्यावर निम्मे लोक भोकाला तयार व्हायचे, निम्मे चुंबक घेऊन पळून जायचे.

काडीची लांबी जुळवणं हे तर त्यांचं पूजेसारखं काम. अर्ध्या मीटरहून जराशी कमी काडी, पण ती इतकी थोडी-थोडी कापत जायचे की बघणाऱ्याला जांभया याव्यात. दोन केसांइतकी कापायची, मीटर लावायचा, मान हलवायची, पुन्हा कापायची. बायकोचा वाढदिवस ते दोनदा विसरले होते, काडीचं माप एकदाही चुकलं नव्हतं.

त्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंनीही परवान्याची परीक्षा दिली होती, आणि ती हौसेपोटी नव्हे. काका गाडी घेऊन कुठे-कुठे उभे राहणार, आणि घरच्या संचावर बसून त्यांना 'इथून एवढं ऐकू येतंय' हे सांगायला हक्काचं माणूस मिळणार नाही, म्हणून. पन्नाशी उलटल्यावर बाईने विजेचे नियम पाठ केले आणि काकांपेक्षा दोन गुण जास्त मिळवले. हे दोन गुण काकांनी कधी कोणाला सांगितले नाहीत, काकूंनी सगळ्यांना सांगितले.

रेडिओवर बोलण्याची एक रीत असते. आधी आपली कॉल-साइन, म्हणजे परवान्यावरचं अक्षरांचं आणि आकड्यांचं नाव, सांगायची. मग समोरच्याला रिपोर्ट द्यायचा: शब्द किती स्पष्ट ते पाचापैकी, जोर किती ते नवापैकी. पाच-नऊ म्हणजे उत्तम. गप्पा त्यानंतर. काकू बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "अहो, ऐकताय का?"

"'अहो' ही कॉल-साइन नाही," काका तिकडून करवादायचे.

"मग दुसरं कोण येणारे या नावाने?" काकू म्हणायच्या. शहरातल्या रेडिओवाल्यांचा अख्खा क्लब ऐकून हसायचा.

दोन वर्षांपूर्वी लेकीने आईवडिलांना नवी गाडी घेऊन दिली. लेक चार तासांवरच्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करते, आणि वडिलांना पुरती ओळखून आहे. किल्ली हातात देण्याआधी तिने त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. "बाबा, शब्द द्या. टपाला भोक पाडायचं नाही. पाणी गळेल, गंज चढेल, गाडीचं मातेरं होईल." काकूही लेकीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी शब्द दिला, आणि डिकीच्या डाव्या कोपऱ्यात शिकंजा कसला. जगाला मधोमध भोक पाडायला लावणारा माणूस स्वतः कोपऱ्यातली काडी घेऊन फिरू लागला. क्लबात त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल झाली.

हे काकांना डाचत होतं. शब्द मोडायचा नव्हता, लेकीला पटवून द्यायचं होतं. म्हणून त्यांनी एक वही आखली. शहराभोवतीच्या सहा जागा, प्रत्येक जागी गाडी चार दिशांना वळवून उभी करायची, घरच्या संचावर बसलेल्या काकूंशी बोलायचं, आणि आकडे मांडायचे. डिकीचा डावा कोपरा घराकडे आला की आकडा धपकन खाली येणार, हे त्यांना ठाऊक होतं. तो पडलेला आकडा लेकीपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, बघ.

मंगळवारी दुपारी, क्लबातले सगळे आपापल्या कामावर असताना, ते निघाले. तीन जागा झाल्या. चौथी पाण्याच्या टाकीमागचा चढ. गाडी वळवून त्यांनी डावा कोपरा नेमका घराकडे केला. ही सगळ्यांत वाईट दिशा. इथे जोर तीनच्या वर जायला नको होता. त्यांनी हाक दिली. थोडा वेळ काही नाही. मग काकूंचा आवाज आला.

"अहो, घरी या."

शब्द स्वच्छ, आणि संचावरची जोर दाखवणारी सुई सातावर. काका चिडले. कोपऱ्यातल्या काडीने इतकं चांगलं काम करावं, हे त्यांच्या फायद्याचं नव्हतं. 'घरी या' तर काकू नेहमीच म्हणायच्या. चहा गार होतोय, पाहुणे आलेत, पुरे झाला तुमचा खेळ. त्यांनी बटण दाबलं. "पाच-सात येतेयस. कॉल-साइन दिली नाहीस. अजून दोन जागा राहिल्यात, मग येतो."

पलीकडून बटण दाबलं गेलं. सुई पुन्हा सातावर चढली. पण आवाज नाही. दहा-बारा सेकंद सुई तशीच उभी, आणि मग पडली. काकांनी तेही वहीत लिहिलं.

पुढच्या दोन जागी काकूंनी उत्तर दिलं नाही. रागावून उठली असेल, असं काकांना वाटलं. पाचच्या सुमारास ते घरी आले, तेव्हा काकू रेडिओच्या टेबलावर डोकं टेकून होत्या आणि माइक हातातच होता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तिथवर जाण्याचं त्राण राहिलं नसेल; जे हाताशी होतं, त्यावरून त्यांनी आपल्या माणसाला बोलावलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कधीपासून त्रास होत होता ते विचारलं, हृदयाबद्दल काहीतरी सांगितलं, आणि "थोडं आधी आणलं असतं तर" एवढं म्हणून वाक्य सोडून दिलं.

लेक पोहोचली ती थेट वडिलांच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आईच्या हातात माइक होता म्हणतात. तिने हाक मारली असेल ना, बाबा?"

"काही ऐकूच आलं नाही," काका म्हणाले.

खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं, आणि गेलेलं परत घेता येईना.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती, तर ते पाप एकट्या काकांच्या पोटात राहिलं असतं. पण चौथ्या दिवशी क्लबातले दातांचे डॉक्टर भेटायला आले. भला माणूस, पण स्वस्थ बसवत नाही. त्या दुपारी गाडी कुठे आणि कशी उभी होती, ते त्यांनी काकांकडून काढून घेतलं. काकांच्या मनाला लागू नये म्हणून त्यांनी लेकीला कागदावर गाडी काढून दाखवली. काडी इथे कोपऱ्यात, आवाज जातो-येतो असा, आणि या बाजूला घर. "यात बाबांचा काही दोष नाही गं. त्या दिशेने ऐकू येणारच नाही."

लेक कागदाकडे बघत राहिली. "आणि मधोमध भोक पाडलेलं असतं तर?"

"मग काय, चारी बाजूंनी सारखंच," डॉक्टर सहज बोलून गेले.

काका समोरच्या खुर्चीत बसले होते. लेकीचा चेहरा कसा उतरला ते त्यांनी पाहिलं, आणि तोंडात गुळणी धरून बसले. मला काकांचा राग येतो तो इथे. चढावर जे झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं. वर्षानुवर्षांची सवय होती ती. पण इथे एका वाक्याचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं नाही.

त्यानंतर लेक दर महिन्याला यायची, पण त्या गाडीत बसायची नाही. वाळत चालली होती. एकदा ओट्यापाशी उभी राहून फोनवर नवऱ्याला सांगत होती, ते काकांनी ऐकलं. "मी त्यांचा हात धरून शब्द घेतला रे. मी घेतला नसता तर आई असती." काका पाणी प्यायला आले होते, तसेच मागे फिरले. तेव्हाही बोलले नाहीत. आपल्याला आता ही एकच उरली आहे, आणि खरं कळलं तर हीसुद्धा जाईल, ही भीती. तिच्या काळजावरचा धोंडा आपणच ठेवलाय हे दिसत असूनही त्यांना तो उचलवेना.

अकरा महिने असे गेले. मग एका रविवारी सकाळी लेक आली ती बॅगसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "बाबा, ड्रिल काढा. भोक पाडा."

"आता कशाला?"

"मी शब्द परत देतेय तुमचा. पाडा."

बॅग पायरीवरच राहिली, दोघं अंगणात आले. काकांनी दाराच्या चौकटींवरून दोन दोरे तिरपे ताणले, ते एकमेकांना छेदले तिथे कागदी पट्टी चिकटवून खूण केली. लेक आत बसली, छताचं अस्तर खाली ओढून धरलं, आणि पत्र्याचा कीस पडेल म्हणून दुसऱ्या हाताने वाडगा धरला. लहानपणीसुद्धा ती अशीच हाताखाली उभी राहायची. काकांनी ड्रिल टेकवलं. पत्रा कुरकुरला, चकचकीत वळ्या उडाल्या, आणि टोक आरपार गेलं. नाण्याएवढं भोक पडलं. काकांनी वाकून पाहिलं, तर खालून लेकीचा डोळा दिसत होता, आणि तो भरलेला होता.

"एवढंसं तर होतं," ती खालून म्हणाली. "एवढ्यासाठी मी आईला..."

काकांनी ड्रिल खाली ठेवलं. ते गॅरेजमध्ये गेले, वायरच्या वेटोळ्यांखालून वही काढली, आणि गाडीच्या दारापाशी येऊन पान उघडून तिच्यापुढे धरलं. अक्षर त्यांचंच होतं, सुबक आणि सरळ रेषेत.

'जागा ४. ३.४०. डावा मागचा कोपरा घराकडे. कॉल-साइन नाही. "अहो, घरी या." पाच-सात. ३.४१. आवाज नाही, नुसती सुई सातावर. बारा सेकंद.'

लेकीने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"स्पष्ट?"

"शब्द न् शब्द. अँटेनात काही खोट नव्हती, बाळा. तुझ्या शब्दातही नव्हती. तिने बोलावलं, आणि मी तिला आकडा सांगितला."

लेकीने छताचं अस्तर सोडलं. मग बाहेर आली. वाडगा सांडू नये असा जपून जमिनीवर ठेवला. "अकरा महिने," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "मी रोज झोपताना तुमच्या त्या टपाचा विचार करायची, बाबा. तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

तिने वही मागितली, शिवणीजवळून ते पान हलकेच सोडवलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. आईचे शेवटचे शब्द तेवढेच होते, आणि ते तिथेच लिहिलेले होते. बॅग अजून पायरीवर होती. ती उचलून लेक फाटकाबाहेर पडली. काकांनी तिला थांबवलं नाही.

भोकात त्यांनी रबरी बूच बसवलं. काडी काही बसवली नाही. रेडिओवर ते अजून असतात, पण क्लबातले लोक सांगतात की म्हाताऱ्याने रीत सोडली. कोणी हाक दिली की रिपोर्ट देत नाहीत, कॉल-साइनही विचारत नाहीत. आधी म्हणतात, "बरे आहात ना? काही हवंय का?" नवखे लोक गोंधळतात.

अडीच महिन्यांनी, दुपारच्याच वेळी, लेकीचा फोन आला.

"बाबा, ऐकू येतंय का?"

काकांनी हातातली पकड बाकावर ठेवली. "येऊ का?" ते म्हणाले. "आत्ता निघतो. येऊ?"

"नको," लेक म्हणाली.

त्यापुढे ती काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. काका फोन कानाशी धरून तसेच उभे राहिले.